रत्नागिरी, व्हाया मॉरिशस

"दूरचा एखादा बेटांचा देश निवड आणि त्याच्याबद्दलच्या दहा भन्नाट गोष्टी लिहून दे," असं पुरवणीच्या ताईंनी सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात उडीच मारली. इंटर्नच्या वाट्याला असं मजेचं काम रोज येत नाही. एरवी आमचे दिवस पाणीकपातीची वेळापत्रकं टाइप करण्यात आणि कॉलेज फेस्टच्या बातम्या छाटण्यात जातात.

देशही लगेच ठरला. गेल्या महिन्यात माझा आतेभाऊ आणि वहिनी मॉरिशसला हनिमूनला जाऊन आले. वांद्रे पूर्वेच्या आमच्या वन रूम किचनमध्ये त्यांनी दोनेकशे फोटो दाखवले, व्हॅनिलाच्या वासाचा चहा दिला आणि उरलेली एक नोट गंमत म्हणून आजीच्या हातात ठेवली. आजीने चष्मा लावला, नोट खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाली, "अगो, ही अक्षरं तर आपली!"

खरंच होती. इंग्रजी होतं, तमिळ होतं आणि त्यांच्या सोबतीला चक्क देवनागरी! म्हटलं, चला, पहिली गोष्ट तर घरबसल्या मिळाली. उरलेल्या नऊ एका दुपारी होतील.

झाल्या नाहीत. सातव्या गोष्टीपाशी मी अशी अडकले की यादी तिथेच राहिली. पण त्याआधीच्या सहा तुम्हाला सांगते, कारण त्या खरंच भारी आहेत.

१. रुपया तिथेही चालतो

मॉरिशसच्या चलनाचं नाव रुपयाच. एकोणिसाव्या शतकात तिथे भारतीय रुपया इतका सर्रास फिरत होता की ब्रिटिश सरकारने १८७६ मध्ये कायदा करून त्याच्याच धर्तीवर मॉरिशसचा रुपया आणला. आज त्यांचा एक रुपया म्हणजे आपले जवळपास दोन. १९९८ मध्ये नव्या नोटा छापताना तमिळ आणि हिंदी मजकुराचा क्रम बदलला. वरची ओळ खाली गेली म्हणून तमिळ समाज नाराज झाला, वाद पेटला आणि सरकारला नोटांची ती अख्खी मालिका मागे घ्यावी लागली. कुठली भाषा वर, कुठली खाली हे भांडण फक्त आपल्याकडे पाट्यांवरूनच होतं असं वाटत होतं ना तुम्हाला?

२. रत्नागिरी जिल्ह्यात चार वेळा मावेल

मॉरिशसचं सगळी बेटं मिळून क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपला एकटा रत्नागिरी जिल्हा ८,२०० चौरस किलोमीटरहून थोडा मोठा. लोकसंख्येतही तेच. तिथे माणसं साडेबारा लाखांच्या आसपास आणि रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सोळा लाख. म्हणजे अख्खा देश, त्याची संसद, राष्ट्रपती, पंतप्रधान, विमान कंपनी असा सगळा पसारा आपल्या एका जिल्ह्याच्या पाव जागेत. बरं, एवढं सगळं आहे आणि सैन्य मात्र नाही! सगळा भार पोलीस आणि त्यांच्या स्पेशल मोबाइल फोर्सवर.

३. विषुववृत्ताच्या आरशात मुंबई

बॅण्डस्टँडला बसून समोर बघत राहिलात तर नजर अरबस्तानाच्या दिशेने जाते. मॉरिशससाठी मान बरीच डावीकडे, नैर्ऋत्येला वळवावी लागेल. तिथून सुमारे ४,७०० किलोमीटर. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आणि मॉरिशस दक्षिणेला २० अंशांवर. विषुववृत्तावर आरसा धरला तर जवळपास समोरासमोर. त्यामुळे ऋतू उलटे. आपण स्वेटर शोधतो तेव्हा तिथे भर उन्हाळा, नाताळ घाम पुसत साजरा होतो. आणि आपण गणपतीत पावसाला शिव्या घालतो तेव्हा तिथे थंडी सरत आलेली असते. घड्याळ मात्र फार लांब नाही. ते आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे.

४. डोडो आता बोधचिन्हावर

'डोडोसारखा नामशेष' असं आपण ज्याच्यावरून म्हणतो, तो पक्षी इथलाच. कबुतराच्या कुळातला, पण उडता न येणारा. त्याला शत्रू माहीतच नव्हता, मग उडायचं कशाला? १५९८ मध्ये डच खलाशी बेटावर उतरले. त्यांच्या जहाजांबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली आणि जमिनीवरच्या घरट्यांतली अंडी फस्त होऊ लागली. डोडो दिसल्याची सर्वसाधारणपणे मानली जाणारी शेवटची नोंद १६६२ ची. शंभर वर्षंही लागली नाहीत. आज तो देशाच्या बोधचिन्हावर दिमाखात उभा आहे.

५. राज्य इंग्रजांचं, पेपर फ्रेंच

डचांनी बेटाला आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव दिलं, ऊस आणला आणि १७१० मध्ये गाशा गुंडाळला. १७१५ मध्ये फ्रेंच आले. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं, पण फ्रेंच मळेवाल्यांची भाषा, धर्म, कायदे तसेच राहू दिले. परिणाम असा की आज संसदेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच आणि घरात, बाजारात, भांडणात, प्रेमात सगळ्यांची भाषा क्रिओल. तिकडचा शाळकरी मुलगा तीन भाषा खिशात घालूनच फिरतो. चौथीबद्दल पुढे सांगते.

६. रीलमधला धबधबा खोटा आहे

समुद्राच्या पोटात कोसळणारा धबधबा तुम्ही रीलवर पाहिला असेल. दादाने तर हेलिकॉप्टरमधून काढलेला फोटो स्टेटसला ठेवला होता. तो धबधबा नाही. वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्याकडे सरकतो आणि वरून बघताना पाणी पडतंय असं वाटतं. पण त्याच फोटोत मागे जो उभा कडा दिसतो ना, तो ल मॉर्न. त्याची गोष्ट खरी आहे. मळ्यांवरून पळालेले गुलाम त्या डोंगराच्या कपारींत लपून राहायचे. २००८ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथली एक दंतकथा अशी की गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा ते पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. दादाला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

इथपर्यंत यादी मजेत चालली होती.

७. इथे 'मूळचं' कुणीच नाही

सातवी गोष्ट एका ओळीची आहे. मॉरिशसमध्ये मूळ रहिवासी असे कधी नव्हतेच. डच येण्याआधी त्या बेटावर कायमची वस्ती नव्हती. त्यामुळे आज तिथे राहणारा प्रत्येक माणूस बाहेरून आलेल्यांचा वंशज आहे. कुणी मालक म्हणून आलं, कुणी साखळदंडात, कुणी व्यापाराला, आणि कुणी करारावर अंगठा उठवून.

त्या अंगठेवाल्यांत आपली माणसं होती. आपली म्हणजे अगदी आपली. मॉरिशसमधल्या मराठी माणसांचे पूर्वज प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातले. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा पार मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत होता, कारण सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. माझं गाव संगमेश्वर तालुक्यात. आता सांगा, दहा गोष्टींची यादी पुढे कशी लिहू?

सोळा पायऱ्या

ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली. मॉरिशसमध्ये ती १ फेब्रुवारी १८३५ ला संपली. पण उसाचे मळे तर होतेच आणि तोडणीला हात हवे होते. मग एक नवी युक्ती निघाली: करारावरचा मजूर. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदरात लागलं. प्रयोग मळेवाल्यांच्या सोयीचा ठरला आणि पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांतून माणसं जात राहिली. १९२० पर्यंत जवळपास साडेचार लाख.

बहुतेक जण कलकत्त्याहून गेलेले, भोजपुरी बोलणारे. मुंबईहून गेलेले त्यांच्या मानाने थोडे. पण जरा काळ लक्षात घ्या. मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली १८५६ मध्ये. माहीम आणि वांद्रे जोडणारा कॉजवे खुला झाला १८४५ मध्ये, त्याआधी माहीमहून वांद्र्याला यायचं तर होडीच. म्हणजे कोकणातल्या माणसाला पोटासाठी गाठायला गिरणगाव नव्हतं, तेव्हा मुंबई बंदरातून मॉरिशसची जहाजं मात्र सुटत होती.

करार साधारण पाच वर्षांचा. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ, कपडे. ऐकायला बरं वाटतं. पण एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची असा नियम होता. करार संपला तरी जवळ कागद नसेल तर रस्त्यात अडवून भटक्या ठरवून आत टाकत. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी याविरुद्ध अर्जावर सह्या-अंगठे केले, तेव्हा कुठे ब्रिटनमधून चौकशी आयोग आला.

पोर्ट लुईला जिथे ही माणसं उतरायची ती जागा आजही आहे. आप्रवासी घाट. १८४९ पासून तिथे मजुरांचा डेपो होता. बंदरापासून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या सोळा. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ताजमहाल बांधणाऱ्या राजाच्या नावाने ताजमहाल ओळखला जातो, इथे मात्र वारसा आहे तो सोळा पायऱ्या चढून गेलेल्या मजुरांचा.

नंबर राहिला, आडनाव गेलं

डेपोत प्रत्येकाची नोंद व्हायची. नंबर, नाव, बापाचं नाव, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरची खूण. १८६० च्या दशकापासून फोटोही काढायला लागले. हे सगळे रजिस्टर, फोटो आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत. तिथले लोक आपल्या पणजोबांचा नंबर शोधायला येतात.

कारकून कानाला ऐकू येईल तसं नाव इंग्रजीत लिहायचा. आपल्याकडे सरसकट आडनाव सांगायची पद्धत तेव्हा नव्हती, माणूस आपलं आणि बापाचं नाव सांगायचा. त्यामुळे बऱ्याच घरांत पहिल्या माणसाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं. तिथे 'भिवाजी' हे आडनाव आहे. कदम, शिंदे, घाग अशा आपल्या ओळखीच्या आडनावांनी तिकडचा मराठी माणूस शोधायला गेलात तर फसाल.

तुम्ही म्हणाल, दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदांचं आता काय? आहे ना. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या तेव्हा त्यांनी जाहीर केलं की भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय कार्ड मिळू शकेल. त्यासाठी भारताशी नातं दाखवायचं तर अशा जुन्या नोंदीच कामी येतात. ज्या नंबरने माणसाला मजूर केलं, तोच नंबर आता त्याच्या खापरपणतूला परतीचा रस्ता दाखवतो.

सुट्टी दुसऱ्या दिवशी

आता गंमत ऐका. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. तिथला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात भिवाजी कुटुंबाने केला असं मानलं जातं. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या सुमारास गणपती चौकात आणला, त्यानंतर तीनच वर्षांनी! पण सुट्टीच्या तारखा बघताना मी गोंधळले. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि तिथली सुट्टी ८ ला. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला, सुट्टी २८ ला. एक दिवस उशिरा का?

आजीला विचारलं. तिला विचार करायला दोन सेकंदही लागले नाहीत. "दीड दिवसाचा असणार. विसर्जनाची सुट्टी दिली असेल."

बरोबर! सुट्टी विसर्जनाच्या दिवशी असते. कोकणातल्या कितीतरी घरांत असतो तसा दीड दिवसाचा गणपती, आणि त्याच्या हिशेबाने एका सार्वभौम देशाचं सरकारी कॅलेंडर.

त्या कॅलेंडरवर अजून काय काय आहे बघा. तमिळांचं कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, दिवाळी, नाताळ. १ फेब्रुवारी गुलामगिरी संपल्याची आणि २ नोव्हेंबर मजुरांच्या आगमनाची. माउंट मेरीच्या टेकडीखाली राहणाऱ्यांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे १५ ऑगस्टचा मारियेचा सण आणि १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण यांना आलटून पालटून सुट्टी मिळते. एका वर्षी हा, दुसऱ्या वर्षी तो. सुट्ट्या वाटून घेतल्या, पण कुणाला यादीतून काढलं नाही.

"कुठल्या वाडीची गो ही पोरं?"

एका संध्याकाळी मी मॉरिशसच्या गणपतीचे व्हिडिओ बघत होते. एकात पोरं गोल धरून नाचत होती. पायात घुंगरू, मध्ये मृदंग आणि झांजा. तिकडे या नाचाला 'झाकरी' म्हणतात. मी फोन आजीपुढे धरला. देश-बिश काही सांगितलं नाही.

आजी बघत राहिली. मग मान डोलवायला लागली. पायाचा अंगठा जमिनीवर ठेका धरायला लागला. म्हणाली, "जाखडी ही. कुठल्या वाडीची गो ही पोरं?"

जाखडी म्हणजे आपला बाल्या नाच. गणपतीत रात्री अंगणात, खळ्यात होतो तो. जाखडीतल्या 'ख'ची आणि 'झा'ची थोडी इकडे-तिकडे झाली, बाकी नाच दीडशे वर्षं समुद्रापलीकडे राहूनही आजीला आपल्या शेजारच्या वाडीतला वाटला.

मी तिला सांगितलं, ही वाडी इथून साडेचार हजार किलोमीटरवर आहे. तिला अंतराचं काही वाटलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. "मग ही लोकं गणपतीला गावाला कशी येतात?"

मी म्हटलं, नाही येत आजी. त्यांनी गावच तिकडे नेलं.

चौथी भाषा

मघाशी चौथी भाषा सांगायची राहिली होती. मॉरिशसच्या शाळांत मुलांना आपल्या पूर्वजांची भाषा ऐच्छिक विषय म्हणून घेता येते. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, चिनी आणि मराठीसुद्धा. पुढे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीत पदवी घेता येते. सरकारच्या नाट्यमहोत्सवात मराठी नाटकं होतात, टीव्हीवर मराठी कार्यक्रम लागतात. १९९१ ची जागतिक मराठी परिषद तिथेच भरली होती. एप्रिल २०२३ मध्ये मोका इथे शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

हे वाचून छाती फुगवायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. तिथल्या बहुतेक मराठी घरांत बोलतात क्रिओल. मराठी घरात आपोआप कानावर पडत नाही, ती वर्गात जाऊन शिकावी लागते. म्हणजे ती भाषा टिकली आहे ती रक्तात आहे म्हणून नाही. दर वर्षी कुणीतरी फॉर्मवर त्या विषयापुढे खूण करतं, कुणीतरी तो तास घेतं, म्हणून टिकली आहे. ज्या वर्षी खूण करणारं कुणी उरणार नाही, त्या वर्षी ती संपेल.

मला हे वाचून थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू? माझ्या मावसबहिणीला नववीत मराठीऐवजी फ्रेंच घेता येईल का, याची घरात चर्चा झाली तेव्हा 'स्कोअरिंग आहे' म्हणून फ्रेंचच्या बाजूने बोलणारी मीच होते. तिकडे फ्रेंच येणारी पोरं मराठी घेतायत आणि आम्ही इकडे!

वांद्रे टर्मिनस, रात्री साडेनऊ

आता शेवटची गोष्ट. ती मॉरिशसची नाही, आपल्या गल्लीतली आहे.

वांद्रे टर्मिनस आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. हा लेख अर्धा लिहून झाल्यावर मी आईबरोबर तिथे एका पाहुण्यांना सोडायला गेले होते. बाहेर उत्तरेकडे जाणाऱ्यांची रांग होती. गोणी, बादल्या, दोरीने बांधलेली बॅग, झोपलेलं पोर. माझ्या मागून एक जण सवयीने बोलून गेला, "हे सगळे बाहेरचे लोक. किती गर्दी करतात!" त्या वाक्यावर मी आधी कधी थांबले नव्हते. खरं सांगायचं तर आमच्याही घरात ते सर्रास बोललं जातं.

पण त्या आठवड्यात माझ्या डोक्यात त्या सोळा पायऱ्या होत्या. १८५०-६० च्या सुमारास भोजपुरी बोलणारा एखादा माणूस आणि संगमेश्वरी बोलणारा एखादा माणूस त्या डेपोत शेजारी शेजारी उकिडवे बसले असतील. दोघांना एकमेकांची भाषा कळत नसेल. दोघांपुढे कारकुनाने एकेक नंबर लिहिला असेल. मळेवाल्याच्या दृष्टीने दोघेही बाहेरचेच. आज त्या भोजपुरी बायकांची लग्नातली 'गीत गवई' युनेस्कोच्या यादीत आहे, २०१६ पासून. आणि आपली झाकरी सरकारी सुट्टीच्या दिवशी नाचली जाते. दोघांची पोरं एकाच शाळेत जातात आणि मधल्या सुट्टीत बाहेरच्या गाडीवर ढोल पुरी खातात. ढोल पुरी म्हणजे आत वाटलेली चणाडाळ भरलेली मऊ पोळी. पुरणपोळीतून गूळ काढून घेतला तर जे उरेल ते. तिथे ती कुणा एकाची नाही, सगळ्या देशाचा वडापाव आहे ती.

मॉरिशस स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. भाषांच्या क्रमावरून नोटा मागे घ्याव्या लागलेला देश आहे तो. पण तिथल्या कुणालाच 'आम्ही मूळचे' असं म्हणता येत नाही. त्यामुळे त्यांना दुसरा काहीतरी मार्ग काढावा लागला, आणि त्यांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला.

माझे पणजोबा संगमेश्वराहून मुंबईला आले ते गिरणीत कामाला. त्यांच्या आधी दोन पिढ्या त्याच वाटेने कुणीतरी बंदरावर आलं असेल आणि गिरणी नव्हती म्हणून जहाजात चढलं असेल. त्या माणसाचं आडनाव आता कुणाला माहीत नाही. नंबर कुठल्या तरी रजिस्टरमध्ये असेल. थोडं इकडे-तिकडे झालं असतं तर मी आज क्रिओलमध्ये विचार करत असते आणि माझ्या पुरवणीच्या ताईंनी मला सांगितलं असतं, 'मुंबई नावाच्या दूरच्या शहराबद्दल दहा भन्नाट गोष्टी लिही.'

पुढच्या गणपतीत तुम्ही गावाला जायला गाडी पकडाल तेव्हा घड्याळ बघा. वांद्र्याहून रत्नागिरीला पोचायला रेल्वेने साधारण सहा-सात तास लागतात. मुंबईहून मॉरिशसला जाणाऱ्या विमानालाही जवळपास तेवढेच. आणि गाडीच्या दारात शेजारी जो कुणी गोणीवर बसलेला असेल, त्याला एकदा विचारा, गाव कुठलं?

ताईंना मी दहाऐवजी सातच गोष्टी दिल्या. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझं माहेर चिपळूणचं." बाकी काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे छापणार.